हायलक्सला ५० मिलिमीटर लिफ्ट आणि एक माप मोठे टायर : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पिकअप उंच करायची म्हणजे दोन वेगळी कामं असतात, लिफ्ट (सस्पेन्शन उंच करणं) आणि मोठे टायर, आणि दोन्हींचा फायदा वेगवेगळ्या जागी मिळतो. हे कळलं नाही की पैसे नको तिथे जातात. २०२२ साली भारतात आलेली टोयोटा हायलक्स घेऊ. तिच्या मागे अखंड ॲक्सल आणि पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. पाटे कितीही उंच बसवले तरी मागच्या डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा) गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो, कारण तो ॲक्सलबरोबर थेट चाकांवर तोललेला असतो. त्याला वर उचलतो फक्त मोठा टायर, तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानेच. लिफ्टमुळे वर जातं ते गाडीचं पोट, म्हणजे चासी, पायदान, बंपरच्या खालच्या कडा. घाटातल्या कच्च्या रस्त्यावर, दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा पोटाला घासतो तिथे लिफ्ट कामाला येते. मधोमध पडलेला धोंडा मागच्या गोळ्याला लागतो तिथे टायर.

पुढची गोष्ट वेगळी आहे. पुढे दोन्ही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे आणि डिफरन्शियल चासीला बांधलेलं आहे. लिफ्ट केली की ते चासीबरोबर वर जातं, चाकं मात्र खालीच राहतात. त्यामुळे दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंत ताकद नेणारे दांडे) जास्त उतरते होतात. मर्यादा इथेच येते. साधारण ५० मिलिमीटरपर्यंत कंपनीचे शाफ्ट, बॉल जॉइंट (चाकाला वळू आणि हलू देणारा गोल सांधा) आणि अपर आर्म (चाकाला चासीशी जोडणारा वरचा दांडा) निभावून नेतात. ७५ मिलिमीटरला गेलात की शाफ्टचे रबरी बूट लवकर फाटतात, चाक खाली लोंबकळताना बॉल जॉइंट टोकाला पोचतो, आणि मग वेगळे अपर आर्म, डिफरन्शियल खाली घेणारे तुकडे अशी खरेदी थांबत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने ४० ते ५० मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

टायरचा हिशेब

कंपनीचं एक माप २६५/६५ आर १७. व्यास काढायचा तर रुंदीच्या, म्हणजे २६५ मिलिमीटरच्या, ६५ टक्के दोनदा घ्यायचे आणि त्यात रिमचे १७ इंच, म्हणजे ४३१.८ मिलिमीटर मिळवायचे. उत्तर येतं सुमारे ७७६. (वरच्या मॉडेलचं २६५/६० आर १८ काढून पाहा, ७७५ येईल, जवळपास तेच.) आता २६५/७० आर १७ घेतला तर व्यास ८०३ होतो. वाढ २७ मिलिमीटर, म्हणजे गोळा साडेतेरा मिलिमीटर वर. २८५/७० आर १७ घेतला तर ८३१. गोळा २७ मिलिमीटर वर.

दुसरा आकडा मोह पाडतो, पण टायर २० मिलिमीटर रुंदही होतो. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर तो मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला आणि मागच्या बाजूला केबिनच्या माउंटिंगला लागायला लागतो. त्यासाठी चासीवरचं ते माउंटिंग कापणारे लोक आहेत. नवख्याने तो विचारही करू नये. २६५/७० आर १७ हे माप ५० मिलिमीटर लिफ्टबरोबर, कंपनीच्याच १७ इंची रिमवर, काहीही न कापता बसतं. रिम बदलायचंच असेल तर सहा नटांचं, १३९.७ मिलिमीटर वर्तुळाचं आणि मधलं भोक १०६.१ मिलिमीटरचं हवं. चाक बाहेर ढकलणारे स्पेसर घालू नका. बेअरिंगवर ताण येतो आणि वळताना टायर मोठं वर्तुळ घेतो, म्हणजे घासणं वाढतंच.

टायरच्या भिंतीवरचा वजनाचा निर्देशांक कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, ११५ म्हणजे १२१५, १२१ म्हणजे १४५०. एलटी (लाइट ट्रक) लिहिलेले जाड भिंतीचे टायर दगडांत टिकतात, पण प्रत्येक टायर काही किलोंनी जड असतो. ते वजन पिकअपच्या वेगात, ब्रेकमध्ये आणि डिझेलच्या खर्चात दिसतंच. रोज डांबरावर आणि महिन्यातून दोनदा मातीत जाणाऱ्याला ऑल-टेरेन (डांबर आणि माती दोन्हींसाठीचा टायर) पुरे. मड-टेरेन (चिखलासाठीचा) टायर ओल्या डांबरावर कमी धरतो. पावसाळ्यातल्या घाटाच्या वळणावर हा फरक जिवावर बेतू शकतो.

टायर चार नव्हे, पाच घ्या. स्टेपनी जुन्या मापाची राहिली आणि फोर-व्हील चालू असताना ती लावावी लागली, तर चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरून ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि डिफरन्शियल एकमेकांशी झगडतात. मोठी स्टेपनी मागच्या साखळीवर वर चढवून पाहा. ती सायलेन्सरपासून दूर हवी आणि हलता कामा नये.

कागदपत्रं आधी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोर लावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे किटला हात लावण्याआधी आपल्या आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर जपून ठेवा. अपघातानंतर सर्व्हेअर आधी टायरचं माप वाचतो. सार्वजनिक रस्त्यासाठी परवानगी मिळत नसेल तर ही गाडी खासगी जमिनीवर आणि आयोजित ऑफ-रोड कार्यक्रमांतच वापरायची, हे ठरवूनच पुढे जा.

किट निवडताना

दुकानात पहिला प्रश्न "किती इंच?" असा येतो. त्याआधीचा प्रश्न आहे, गाडीवर कायमचं वजन किती? पुढे साधा बंपर आहे, की लोखंडी बंपर आणि विंच (दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारं यंत्र)? मागे हौदा रिकामा, की कायम दीड-दोनशे किलोचं सामान? ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, डॉबिन्सन्स अशा ऑस्ट्रेलियन कंपन्या एकाच गाडीसाठी वजनाप्रमाणे वेगवेगळ्या स्प्रिंगा आणि पाटे देतात. रिकाम्या हौद्याखाली ४०० किलोचे पाटे घातले तर गाडी प्रत्येक खड्ड्यावर मागून उडते, आणि ओल्या वळणावर मागचं चाक जमीन सोडतं. आज जे वजन आहे त्याप्रमाणे घ्या. पुढे कधीतरी लावायच्या बंपरचा हिशेब आज धरू नका.

पूर्ण किटमध्ये पुढचे दोन शॉकअप, दोन कॉइल स्प्रिंग, मागचे दोन शॉकअप, दोन पाट्यांचे संच, बुश (सांध्यातली रबरी नळी), शॅकल (पाट्याचं मागचं टोक चासीला टांगणारी कडी), पिना आणि पाटा ॲक्सलला आवळणारे चार नवे यू-बोल्ट येतात. स्वस्तातला मार्ग म्हणजे पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर आणि मागे लांब शॅकल. दोन्हींचं गणित फसवं आहे. शॉकअपचा खालचा बोल्ट लोअर आर्मच्या साधारण मध्यावर असतो, त्यामुळे वर २५ मिलिमीटरचा स्पेसर घातला की चाकाशी ४५ ते ५० मिलिमीटर लिफ्ट मिळते. "दोन इंच हवेत" म्हणून दोन इंची स्पेसर घालणारे जवळपास चार इंच चढवून बसतात, आणि पहिल्याच खड्ड्यात बॉल जॉइंट ठोकर खातो. शॅकलचं उलट: ५० मिलिमीटर लांब शॅकल गाडीला २५ मिलिमीटरच उचलते. मागे पाटा आणि ॲक्सल यांच्या मध्ये उंच ठोकळे घातले तर जोरात निघताना ॲक्सल पिळवटतो. पूर्ण संच घ्यायला पैसे नसतील तर साठेपर्यंत थांबा.

हत्यारं

३ टनी ट्रॉली जॅक, चासीखाली लावायच्या किमान ३ टनी चार घोड्या, चाकाला लावायचे लाकडी ठोकळे, १२ ते २४ मिलिमीटरचे सॉकेट आणि पाने, लांब टॉमी, टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना), बॉल जॉइंट सोडवायचं पुलर, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, बुशसाठी ग्रीस, नव्या स्प्लिट पिना. तुमच्या मॉडेलच्या रिपेअर मॅन्युअलमधला टॉर्कचा तक्ता छापून भिंतीला लावा. दुसऱ्या वर्षाच्या गाडीचे ऐकीव आकडे चालत नाहीत. माणसं दोन, दिवस एक अख्खा. कोकणातली किंवा लाल मातीत फिरलेली गाडी असेल तर आदल्या रात्रीच यू-बोल्ट, शॅकल आणि शॉकअपच्या नटांवर स्प्रे मारून ठेवा.

काही खोलण्याआधी सपाट जागेवर चारही चाकांच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहा, टाकीतलं डिझेलही नोंदवा. पुढे कधी "लिफ्ट बसली का?" असा वाद झाला तर हेच चार आकडे खरं सांगतात. संध्याकाळी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून लो बीमची वरची कड चिकटपट्टीने खुणावून घ्या.

पुढचं काम

१. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच एक फेरा सैल करा. मग जॅक लावून चासीखाली घोड्या द्या आणि गाडी हाताने हलवून पाहा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, एक मिनिटही नाही.

२. चाक काढा. ब्रेकच्या होज पाइपचे आणि एबीएसच्या वायरचे सगळे क्लिप-ब्रॅकेट सोडवा. ही वायर ताणली गेली तर काम संपल्यावर डॅशबोर्डवर दिवे लागतात आणि कारण शोधण्यात दुसरा दिवस जातो. स्टॅबिलायझर बारची (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणाऱ्या दांड्याची) लिंक दोन्ही बाजूंची सोडवा. एकच सोडवली तर बार दुसऱ्या बाजूने आर्म दाबत राहतो.

३. अपर बॉल जॉइंटची स्प्लिट पिन काढून नट सैल करा, पण तीन-चार आटे शिल्लक ठेवा. पुलरने जॉइंट सुटताना खटकन उडतो; नट जागेवर असला की तो झेपावत नाही. जॉइंट मोकळा झाल्यावर चाकाचा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) पट्ट्याने किंवा तारेने वर बांधून ठेवा. तो बाहेर कलंडला तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा ओढून निघतो, आणि सगळं वजन ब्रेकच्या पाइपवर येतं.

४. शॉकअपचा खालचा बोल्ट आणि वरचे तीन नट काढा. वरच्या मधल्या, मोठ्या नटाला हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग तोच नट धरून ठेवतो. तो सुटला तर स्प्रिंग सुटून जीव जाऊ शकतो. नवी स्प्रिंग नव्या शॉकअपवर चढवायचं काम भिंतीला बांधलेल्या प्रेसवर, ते रोज करणाऱ्या गॅरेजमध्ये करून घ्या. बोल्ट फिरवून दाबायचे स्वस्त कॉम्प्रेसर या जाड स्प्रिंगांसाठी नाहीत.

५. प्रेसवर चढवतानाच एक बारकावा सांभाळायचा. जुन्या शॉकअपवर वरचे तीन बोल्ट आणि खालचं भोक यांचा कोन खडूने खुणावून घ्या आणि नवा शॉकअप त्याच कोनात बांधून घ्या. स्प्रिंगचं खालचं टोक बशीच्या खाचेत टेकलेलं हवं. हे चुकलं की शॉकअप वर बसतो, पण खालचा बोल्ट दहा-पंधरा अंश वाकडा राहतो. मग टॉमी लावून पिळून बसवायचा मोह होतो आणि त्यात बुश जातो. किटवर डावी-उजवी अशी खूण असेल तर तीही पाळा. ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंग थोडी वेगळी असू शकते.

६. वरचे तीन नट हाताने लावा, मग लोअर आर्म जॅकने उचलत खालचा बोल्ट घाला. बॉल जॉइंटचा नट टॉर्कपर्यंत आवळा. पिनेचं भोक जुळत नसेल तर थोडा आणखी आवळा, कधीही सैल करू नका. नवी पिन घाला. खालचा बोल्ट आणि बुशमधून जाणारे बाकीचे बोल्ट आत्ता फक्त टेकेपर्यंत.

मागचं काम

मागे घोड्या चासीला, पाट्याच्या पुढच्या टोकाच्या थोडं पुढे लावा आणि जॅक डिफरन्शियलखाली ठेवा. शॉकअप काढा. यू-बोल्ट काढून ॲक्सल हळूहळू खाली सोडताना एका माणसाने फक्त ब्रेकचा पाइप, डिफरन्शियलच्या श्वासनळीचं रबर आणि हँडब्रेकच्या केबल बघत राहायचं. एका वेळी एकच बाजू खोला. दोन्ही पाटे एकदम काढले तर ॲक्सल जॅकवर गोल फिरतो.

पुढच्या टोकाची पिन आणि मागची शॅकल काढली की पाटा खाली येतो. जड असतो, दोघांनी धरा. नव्या पाट्याला पुढचं-मागचं असतं: मधला बोल्ट बरोबर मध्यावर नसतो. उलटा बसवला तर ॲक्सल मडगार्डच्या मध्यावरून सरकलेला दिसतो. म्हणून जुना पाटा शेजारी जमिनीवर ठेवून मोजा. बुश पॉलियुरेथेनचे असतील तर आतून-बाहेरून भरपूर ग्रीस लावा. कोरडे बसवलेले बुश पहिल्या पावसानंतर चिवचिवायला लागतात. मधल्या बोल्टचं डोकं ॲक्सलच्या गादीवरच्या भोकात नीट बसलं आहे का ते बोटाने चाचपा, डोळ्यांवर विसंबू नका. यू-बोल्ट नवेच, जुने पुन्हा नाहीत. ते एकदा ताणले गेलेले असतात. चारही टोकं थोडी थोडी, आडव्या-तिडव्या क्रमाने आवळा, म्हणजे गादी एका बाजूला तिरकी होत नाही.

चाकांवर उभी करून मग आवळा

या सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत जास्त चुकते. रबरी बुशच्या आतली लोखंडी नळी बोल्ट आवळला की घट्ट धरली जाते. त्यानंतर आर्म हलतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं. गाडी हवेत, चाकं लोंबकळलेली असताना बोल्ट आवळलात तर गाडी खाली आल्याबरोबर ते रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं. गाडी काही मिलिमीटर खोटी उंच दिसते आणि बुश काही महिन्यांत फाटतात. म्हणून चाकं लावा, गाडी पूर्ण खाली घ्या, पुढून-मागून चारपाच वेळा दाबून हलवा, दहा मीटर पुढे-मागे घ्या. मग गाडी जमिनीवर असतानाच लोअर आर्म, शॉकअपचे खालचे बोल्ट, पाट्याच्या पिना आणि शॅकल टॉर्क रेंचने आवळा. आवळलेल्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढा. पुढे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

घासतंय का

नवे टायर लावून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा, एकदा पुढे जाताना, एकदा मागे येताना. मग एक पुढचं चाक फूटभर उंच मजबूत रॅम्पवर चढवून पुन्हा तेच करा. सपाटीवर मोकळं दिसणारं चाक वर दाबलं गेलं की कुठे टेकतं ते तेव्हाच कळतं. मडफ्लॅप किंवा प्लास्टिकची कड किंचित लागत असेल तर ती मागे सरकवून बांधता येते. अपर आर्म किंवा धातू लागत असेल तर ते रिम किंवा टायर चुकीचं आहे.

अलाइनमेंट

काम संपल्यावर गाडी थेट अलाइनमेंटला न्या, मध्ये चार दिवस फिरवू नका. लिफ्टमुळे टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असणं), कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि कॅस्टर तिन्ही बिघडतात. त्यातला कॅस्टर बहुतेक दुकानं बघतच नाहीत. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून हात सोडला तरी ती सरळ जाते. कॅस्टर म्हणजे तोच कल. लिफ्टनंतर तो कमी होतो आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येईनासं होतं, महामार्गावर गाडी भरकटल्यासारखी वाटते. लोअर आर्मवरच्या विकेंद्री कॅमने (मध्याबाहेर भोक असलेल्या चकतीने) तो वाढवता येतो. दुकानदाराला सांगा, कॅस्टर शक्य तेवढा जास्त, दोन्ही बाजूंमधला फरक अर्ध्या अंशाच्या आत, कॅम्बर शून्याजवळ. आधीचा आणि नंतरचा कागद छापून घ्या. कॅम शेवटपर्यंत फिरवूनही कॅस्टर येत नसेल तर लिफ्ट जास्त झाली आहे.

दिव्यांचं त्याच दिवशी बघा. ५० मिलिमीटर लिफ्ट आणि टायरचे साडेतेरा मिळून दिवे सुमारे ६३ मिलिमीटर वर गेले असतील. १० मीटरवरच्या भिंतीवर कडही तेवढीच वर दिसली पाहिजे. त्याहून वर असेल तर गाडीचं नाक उचललं गेलं आहे. स्क्रूने खाली घ्या, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जातो.

२६५/७० आर १७ मुळे स्पीडोमीटर सुमारे ३.४ टक्के कमी दाखवतो: काट्यावर १०० असताना पूर्वी जेवढा खरा वेग असायचा त्याहून साधारण साडेतीन किलोमीटर जास्त. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहा आणि तो फरक लक्षात ठेवा. गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला आहे. पहिला आठवडा ओळखीच्या वळणांवरही वेग कमी ठेवा.

एलटी टायरमध्ये दाराच्या स्टिकरवरची हवा पुरत नाही. रिकाम्या गाडीला ३४ ते ३६ पीएसआयपासून सुरुवात करा. थंड टायरमध्ये मोजा, तासभर चालवून पुन्हा मोजा. वाढ सहाच्या आसपास असेल तर ठीक. दहा वाढली तर सुरुवातीला हवा कमी होती, दोनच वाढली तर जास्त.

नंतरची तपासणी

चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटरवर, सगळे सस्पेन्शनचे बोल्ट आणि यू-बोल्ट ५०० किलोमीटरवर पुन्हा टॉर्क रेंचने. १००० किलोमीटरवर उंची पुन्हा मोजा. स्प्रिंगा पाच-दहा मिलिमीटर बसतातच; त्यानंतर अलाइनमेंट परत एकदा.

जागेवरून निघताना मधल्या भागात थरथर जाणवली तर प्रॉपेलर शाफ्टच्या (मागच्या ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याच्या) मधल्या बेअरिंगचा कोन बिघडला आहे. बेअरिंगचा ब्रॅकेट आणि चासी यांच्या मध्ये पातळ स्पेसर घालून ते थोडं खाली घेतलं की बहुतेक वेळा जाते. खड्ड्यात पुढून कट्ट असा आवाज आला तर आधी स्टॅबिलायझरची लिंक आणि शॉकअपचे वरचे तीन नट बघा. टायर फक्त आतल्या किंवा बाहेरच्या कडेने झिजत असेल तर अलाइनमेंटचा कागद पुन्हा उघडा. आणि दर महिन्याला पुढच्या चाकांमागे वाकून ड्राइव्ह शाफ्टच्या बुटांवरून हात फिरवा. ग्रीसचे शिंतोडे रिमच्या आतल्या बाजूला दिसले की बूट फाटला. त्याच आठवड्यात बदललात तर फक्त बुटाचा खर्च येतो, महिना गेला की चिखल शिरून अख्खा शाफ्ट.